मागच्या बाजूची घंटी

त्या शनिवारी बाबा जेवणाच्या टेबलावर आपल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्यातल्या डोंगराला गवत चिकटवत बसले होते आणि आई ताटं घेऊन खोळंबली होती.

"माझ्या सवतीला जरा बाजूला घ्या," ती म्हणाली.

"यंदा तीच कमावून आणणार आहे."

बाबा खुशीत होते. प्रदर्शनात लोक तिकीट काढून छोट्या रेल्वेगाड्या बघायला यायचे. मंडपवाल्याला पैसे मिळायचे, दिवेवाल्याला मिळायचे. गाड्या मांडणाऱ्या छांदिष्टांना मात्र नुसता चहा. यंदा बाबांनी सगळ्यांच्या वतीने मानधन मागितलं आणि आयोजक कबूल झाले. अट एकच: बाबांची गाडी हे मुख्य आकर्षण, ती दिवसभर धावली पाहिजे.

दुपारी आम्ही सराव केला. बाबा देखाव्याच्या पडद्यामागे, मी पुढे स्टेशनापाशी. त्यांनी दोनदा घंटी वाजवली, म्हणजे पाठवू का? मी एकदा वाजवली, म्हणजे पाठवा.

"कधी तोंडानं बोल की गं!" पडद्यामागून आवाज आला.

"मग घंटी कशाला बसवलीत?"

ते हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

आयोजक भेटायला आले. "ताई, गाडी नुसती मांडून ठेवा. लोक हात जोडतील. मानधनाचं मग पुढच्या वर्षी बघू. सगळ्यांचंच."

"गाडी धावेल," मी म्हणाले.

ते गेल्यावर आईने विचारलं, "पडद्यामागे कोण बसणार?"

"तू."

"म्हणजे आता सवतीची चाकरीही मीच करू?" ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी शिकायला बसली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी हौसेने सगळ्या रुळांना शिलाई मशीनचं तेल लावलं. रूळ चकाकले. गाडी बोगद्यातून झोकात बाहेर आली, चढाला लागली आणि चाकं जागच्या जागी गरगरू लागली. आयोजक हाताची घडी घालून बघत होते.

"तेल?" शेजारच्या टेबलावरचे ट्रामवाले काका ओरडले. "अगं, रूळ आहेत की कढई?"

पण ओरडतानाच त्यांनी खिशातून फडकं काढलं होतं. बाकीचेही आपापल्या गाड्या सोडून आले. कोणी रूळ पुसले, कोणी डबे उलटे करून चाकं. मी इंजिन पुसलं. प्रदर्शनाची दारं उघडली, पोरं धावत आली, आणि गाडी तो चढ अशी चढली की ट्रामवाल्या काकांनी शिट्टीच मारली.

त्यानंतर ती दिवसभर अडली नाही. संध्याकाळी आयोजक स्वतः टेबलाटेबलांवर पाकिटं देत फिरले. आमचं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी दिलं.

"शेवटची गाडी!" आई पडद्यामागून म्हणाली.

दोनदा घंटी वाजली, अगदी बाबांच्या ठेक्यात. माझं बोट बटणावर गेलं होतं. ते मी मागे घेतलं.

"पाठवा, बाबा!" मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.