टॅक्सीमागचं पाणी

चाळिसाव्याला आलेली माणसं फातिहा म्हणून, खजूर-हलवा खाऊन पांगली. शिराजच्या दफनभूमीत आईच्या कबरीपाशी फरंगीस उरली, आणि इस्पितळात आईच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढलेली अख्तर. दगड धुवायचा होता. गुलाबपाण्याची बाटली फरंगीसच्या हातात होती, पण हात पुढे होत नव्हता.

पाच वर्षांची असताना असंच झालं होतं. आई, तलअत खानम, परिचारिकांची शिष्यवृत्ती मिळवून दोन वर्षांसाठी विलायतेला निघाली. जाणाऱ्यामागे पाणी ओतलं की माणूस सुखरूप परततो, म्हणून आजीनं वाडगा नातीच्या हाती दिला. टॅक्सी सुटली. फरंगीसनं वाडगा छातीशी घट्ट धरून ठेवला. मागच्या काचेतून आई पाहत होती.

आई परतली ती इस्पितळाचीच होऊन. पाळी बदलताना परिचारिकांनी टेबलाशी नव्हे, रुग्णाच्या खाटेशी उभं राहून काम सोपवायचं, हा तिचा हुकूम. डॉक्टर तिला मागून ‘लंडनच्या राणीसाहेब’ म्हणत. पुढे ती साऱ्या परिचारिकांची प्रमुख, त्यांच्या ‘मोठ्या खानम’ झाली. वाडग्याचा विषय मायलेकींत बावन्न वर्षांत निघाला नाही. आईला ते सलत होतं का, हे आता विचारायचं कुणाला?

“ओत की गं,” अख्तर म्हणाली. “मोठ्या खानम असत्या तर ओरडल्या असत्या, पाळी संपली, रेंगाळता काय?”

“अख्तर खानम, तुम्हालाही तिनंच पाठवलं ना शिकायला?”

“मला, आणि आणखी आठजणींना. अर्जावर सही करताना एकच अट. मागे पाणी ओतायला पोराला लावायचं नाही, मोठ्या माणसानं ओतायचं. मी म्हटलं, विलायतेत शिकलात आणि हे काय खूळ? तर म्हणाल्या, ‘आईला जा म्हणायचं काम लेकराच्या हाती देऊ नये, अख्तर. मी देऊ दिलं होतं.’”

“लेकरानं काय केलं, ते सांगितलं?”

“नाही बाई. का, काय केलंस?”

फरंगीस कबरीकडे वळली. अख्तरला सांगितलेलं ते वाक्य आईनं घरात एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि फरंगीसनंही कधी विचारलं नव्हतं.

तिनं झाकण काढलं. पाणी आईच्या नावावरून ओघळत मातीत मुरलं.

“थोडं ठेव, दर गुरुवारी कबरीवर यायचं असतं, तेव्हा लागेल,” अख्तर म्हणाली.

शेवटचा थेंब पडेपर्यंत फरंगीसनं बाटली उलटीच धरली.