देवानंदचं स्टँडबाय कार्ड

कॉम्प्युटरला लाल पाटी टांगणारा माणूस अख्ख्या भिलाईत एकच असेल, आणि तो नेमका रत्नमालाच्या नशिबी आला होता. पाटीवर लिहिलं होतं, 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' देवानंद खोब्रागडे चोवीस वर्षं पोलादाच्या प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. मोटर उघडायची तर आधी पाटी टांगायची, आणि ज्यानं टांगली त्यानंच ती काढायची, हा तिथला कायदा. मिलमध्ये त्या कायद्यानं माणसांचे जीव वाचतात, कबूल. पण सेक्टर सातच्या क्वार्टरात, सुपेल्याच्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरपासून हा कोणाचा जीव वाचवून राहिला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तारीख तेरा एप्रिल, साल नव्व्याण्णव, सकाळचे दहा. संध्याकाळी पाचला जयंती मंडळाचे सेक्रेटरी कवडूभाऊ कॅसेट न्यायला येणार होते. उद्या जयंतीच्या मिरवणुकीत ती ट्रकवर वाजायची होती. कॅसेट झाली तर रत्नमालाचा आवाज, नाही झाली तर गेल्या वर्षीचीच बळीरामभाऊंची. मंडळानं तसं आधीच सांगून टाकलं होतं.

बळीरामभाऊ म्हणजे मंडळाचे गायक. बावीस वर्षं ते पुढे, आणि रत्नमाला, रुक्मा आणि बाकीच्या बाया मागे. भाऊंनी ओळ म्हणायची, बायांनी ती उचलायची. रत्नमालाचा गळा भाऊंपेक्षा गोड, हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं, कारण तालमीला चहा भाऊ पाजायचे. या हिवाळ्यात भाऊंनी कवळी बसवली आणि 'समता' म्हणताना शिट्टी वाजू लागली. पोरं इकडंतिकडं पाहायची, ट्रॅफिकवाला आला की काय म्हणून. तेव्हा कुठं मंडळाला रत्नमालाची आठवण झाली.

तिनं गाणंही स्वतःच रचलं होतं, बाईच्या शिकण्याचं, भाजी निवडता निवडता. 'चुलीपाशी पाटी आली, पाटीवर नाव माझं.' चाल अशी की आपोआप पाय उचलावा.

"टेपरेकॉर्डरवर म्हणून टाकतो नं मी," ती पंधरा दिवसांपूर्वीच म्हणाली होती. "अर्ध्या घंट्याचं काम."

"टेपरेकॉर्डर? जमाना कुठं गेला, रत्ना! आता मल्टीट्रॅक. आधी तुझी खंजिरी भरू, मग आवाज. एकावर एक." हेच देवानंदनं मंडळाच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं होतं, त्यामुळे टेपरेकॉर्डरचं नाव काढलं की त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

आणि मल्टीट्रॅक काय करत होतं? काही नाही! सीडी लावली की कॉम्प्युटर गाणी वाजवायचा, पण माइकसमोर कोणी बोंबललं तरी पडद्यावरची हिरवी रेघ जागची हलायची नाही. रविवारी मागं म्हणणाऱ्या बाया दहा वाजता आल्या, दोन वाजेपर्यंत बसल्या, पातेलंभर पोहे संपवले आणि घरी गेल्या. जाताना रुक्मा म्हणाली, "रत्ना, तुझ्या मालकाचा डब्बा बहिरा आहे वो. वाया गेला रविवार." रत्नमाला कसनुसं हसली, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

देवानंद मात्र खचणाऱ्यांतला नव्हता. त्यानं लॉगबुक ठेवलं होतं. 'नऊ वाजून दहा मिनिटं, साउंड कार्डचा ड्रायव्हर काढला. नऊ पंचवीस, ड्रायव्हर पुन्हा टाकला. रिझल्ट, नॉट ओके.' साउंड कार्ड म्हणजे आवाजाची पट्टी, आणि ड्रायव्हर म्हणजे ती पट्टी कशी चालवायची हे कॉम्प्युटरला शिकवणारा मास्तर, एवढं रत्नमालाला आता पाठ झालं होतं. मास्तर रोज येत होता, रोज हाकलला जात होता, आणि पोरगं ढ ते ढच.

साडेदहाला देवानंदनं सुपेल्याला बाबुलालला फोन लावला. कॉम्प्युटर जोडून देणारा तोच.

"पीला निशान आ रहा है क्या, साहब?"

"आ रहा है." पडद्यावर कार्डाच्या नावापुढं बिघाडाचं पिवळं निशाण बसलेलंच होतं.

"तो ड्राइवर निकालो, फिर डालो."

"चार बार डाला, बाबुलाल."

"तो पाँचवीं बार डालो, साहब. मशीन का भी मूड होता है."

पाचव्यांदा टाकला. रेघ सपाट. मग देवानंदला वाटलं, माइकची पिन ढिली असेल. त्यानं रत्नमालाच्या हातात टॉर्च दिला. "मांगं जाऊन पाह्य बरं. लाल भोकात घट्ट बसली का?"

रत्नमाला टेबलामागं वाकली. एप्रिलची गरमी, रेकॉर्डिंगच्या नावानं कूलर बंद, आणि पदरात धुळीचे पुंजके. "कोणत्या लाल भोकात?"

"लाल म्हणजे लाल!"

"अवो, पण दोन आहेत. हे एक, अन् त्याच्या खाली दुसरं. निळं बी दोन, हिरवं बी दोन."

देवानंदला अचानक छताच्या पंख्यात फार गोडी वाटू लागली.

"काय म्हणतो मी? दोन कावून आहेत?" रत्नमालानं टेबलामागून विचारलं.

"तो..." देवानंद हळूच म्हणाला, "तो स्टँडबाय आहे."

आता हे स्टँडबाय प्रकरण समजून घ्यायला पाहिजे. प्लांटात एक पंप चालत असला की त्याच्या शेजारी तसाच दुसरा तयार उभा असतो. पहिला बसला की दुसरा चालू. चोवीस वर्षांत देवानंदनं एकट्यानं चालणारं यंत्र पाहिलंच नव्हतं. घरात इस्त्र्या दोन, शेगड्या दोन. धाकट्या बहिणीच्या लग्नात ह्या बहाद्दरानं लग्न लावायला भंतेजीसुद्धा दोन बोलावले होते, आणि दोघंही वेळेवर आल्यावर कोणाला आसन द्यावं म्हणून घाम पुसत बसला होता. तेव्हा साउंड कार्ड एकटं कसं राहील? महिन्यापूर्वी पावर हाउस भागातल्या बाजारातून त्यानं तसंच दुसरं आणलं, गुपचूप खोललं आणि खालच्या खाचेत बसवलं. बाबुलालला बोलला नाही, बायकोला तर नाहीच.

रत्नमालानं फोन ओढला आणि स्वतःच बाबुलालला सगळं सांगितलं. पलीकडून बाबुलाल खो खो हसत सुटला. "दो कार्ड? एक ही डब्बे में? भाभीजी, घर में दो सास बिठाओगे तो बहू सुनेगी किसकी?"

"म्हणजे," रत्नमाला फोन हातात धरूनच नवऱ्यावर कडाडली, "माइक वरच्यात खुपसला, अन् सॉफ्टवेअर खालच्यात कान लावून बसलं! दोन्ही घरचा पाहुणा उपाशी! अन् तुमी त्या मास्तराले सकाळ-संध्याकाळ बदलून राहिले!"

"मले वाटलं, एक गेलं तर—"

"एक चालू तरी झालं होतं का?"

तिनं लाल पाटी ओढून काढली. देवानंद "अवं, मी टांगली ती—" एवढंच म्हणू शकला. तिनं वायर उपसली, स्क्रू काढला, आणि खालचं कार्ड उपटून त्याच्या मांडीवर ठेवलं. मग बाबुलाल फोनवर सांगत गेला आणि देवानंद मुकाट्यानं करत गेला. सेफ मोडमध्ये जा, यादीत एकच नाव दोनदा दिसेल, दोन्ही पुसा, बंद करा, चालू करा, आता ड्रायव्हर एकदाच टाका. पिवळं निशाण गेलं.

रत्नमाला माइकपाशी वाकून म्हणाली, "हॅलो."

रेघ टुणकन उडाली. बाई लहान पोरीसारखी टाळ्या पिटत नाचली! देवानंदही हसला, खुर्चीत सैल झाला, आणि त्या भरात नको ते बोलून गेला.

"तसंही टेन्शनचं काम नव्हतं, रत्ना. मी कवडूभाऊले सांगूनच ठेवलं होतं. बळीरामभाऊची कॅसेट ट्रकवर चढवून ठेवा म्हटलं. तुझं नाई जमलं तर..."

"तर?"

"तर ते... आपलं... तयार असावं."

टाळ्या थांबल्या.

"मंडळानं सांगतलं होतं, पाच वाजले तर त्याची लावू. ते मंडळ आहे. पण तुमी आधीच चढवून ठेवाले सांगतलं? तुमी?"

"अवं, तसं नाई—"

"बावीस वर्षं मी मांगं उभी होती. कोणी पुढं ये म्हटलं नाई. मले वाटलं, दुनियेले नसन, पण घरच्या माणसाले तरी माह्या गळ्याचा भरवसा असन." तिचा आवाज फाटला. "जा. वाजवा त्याचीच." तिनं खंजिरी खाटेवर टाकली आणि स्वयंपाकघरात गेली.

देवानंद दारापर्यंत आला, परत गेला, पुन्हा आला. "भरवसा आहे वो," म्हणाला. आतून फक्त भांडी आपटल्याचा आवाज आला. मग बाहेर स्कूटर सुरू झाली. जाऊ दे मेल्याला, म्हणून तिनं कणीक अशी मळली की जणू कणकेनंच तिचं काही बिघडवलं होतं.

अर्ध्या तासानं तो परत आला. घामानं भिजलेला, तोंड पांढरं. खिशातून त्यानं बळीरामभाऊंची कॅसेट काढून ओट्यावर ठेवली.

"ट्रकवरून काढून आणली."

"कवडूभाऊ काय म्हणाले?"

"म्हणाले, देवानंद, पागल झाला का बे? मी म्हटलं, हो."

"अन् माही झाली नाई तर?"

"तर ट्रक मुका जाईल. लिहून देऊन आलो. जबाबदारी माझी."

रत्नमालानं त्याच्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मागं काहीही उभं न ठेवता घरी आला होता, आणि ते फक्त तिच्यासाठी. तिचा राग कुठल्या कुठं गेला. पण गंमत बघा, राग गेला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली! आता खरोखरच कोणी नव्हतं. चुकलं तर उद्या अख्खी वस्ती मुक्या ट्रकमागून चालणार.

"पाणी द्या," ती म्हणाली. "अन् माह्याकडं पाहू नका. भिंतीकडं तोंड करा."

तो भिंतीकडं तोंड करून बसला आणि हात मागं वळवून माउस दाबला. तिनं आधी खंजिरी भरली. मग डोळे मिटून गाणं. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला सावरला, आणि तिसऱ्या ओळीपासून तिला देवानंद, माइक, कवडूभाऊ, कोणाचंच भान राहिलं नाही. गाणं संपलं तेव्हा भिंतीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तोही रेकॉर्ड झाला.

"पुन्हा घेऊ?" देवानंदनं न वळता विचारलं.

"नाई. एकच."

देवानंदनं कॉम्प्युटरची वायर टेपरेकॉर्डरला जोडून गाणं कॅसेटवर उतरवलं, आणि पाच वाजता कवडूभाऊ ती घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला. निळे झेंडे, गर्दी, ऊन डोक्यावर. रत्नमाला नेहमीच्या जागी होती, ट्रकच्या मागं, बायांच्या ओळीत, रुक्माच्या शेजारी. दुसरीकडं कुठं चालायचं हे तिला सुचलंच नव्हतं. भोंग्यांतून ओळ आली, 'चुलीपाशी पाटी आली, पाटीवर नाव माझं.' ओळ संपली, बायांनी ती उचलली, आणि रत्नमालानंही सवयीनं त्यांच्याबरोबर गळा मोकळा सोडला.

रुक्मानं तिला कोपरानं ढोसलं. "अवं, तू कावून म्हणून राहिली? समोर तूच आहे नं!"

रत्नमालानं तोंड मिटलं. भोंग्यांतून पुढची ओळ आली, आणि बाया तिच्या मागं म्हणू लागल्या. ती पदरानं डोळे पुसत, काही न म्हणता, ऐकत चालली.