मूळ प्रत दाखवा

"हो लॅपटॉप तुमचोच कशावरना, काका?"

गौरजानं हे विचारलं आणि गुरुदास परब तिच्याकडे बघतच राहिला. प्रश्नात वावगं काही नव्हतं. वावगं एवढंच, की प्रश्न त्याचा होता. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलामागे बसून त्यानं तो लोकांना विचारला होता. घर तुमचं कशावरून? बाप तुमचा कशावरून? एकदा तर दोन एसट्या बदलून आलेल्या एका म्हातारीला, तुम्ही हयात कशावरून? म्हातारी समोर उभी होती. समोर उभं असणं हा पुरावा होत नाही, हे त्यानं तिला शुद्ध मराठीत समजावून सांगितलं होतं. कचेरीत मालवणी बोललं की माणसं सलगी करतात, असा त्याचा अनुभव होता.

"माझो म्हणजे माझोच," तो म्हणाला. "खांद्याक लावन इलंय मां मी?"

"खांद्याक कोणीव लावता. बिल आसा?"

"वापरलेलो हा. पुतण्यान दिल्यान."

"मगे पुतण्याक फोन लावा."

"तो बोटीर आसा. म्हयनोभर फोन लागाचो नाय."

गौरजानं कपाळावर चढवलेलं भिंग खाली घेतलं, पण लॅपटॉपकडे न बघता गुरुदासकडेच बघितलं. जामसंड्याच्या बाजारात तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्याच दुकानात ती आता लॅपटॉप उघडते. "बिल नाय, पासवर्ड म्हायत नाय, देणारो दर्यात. काका, तुमीच माझ्या जाग्यार बसा नि सांगा, काय करूचा?"

तिच्या जागी बसण्याची गुरुदासला गरज नव्हती. त्या जागेवर तो जन्मभर बसला होता. 'मूळ प्रत आणा' हेच उत्तर होतं आणि ते अचूक होतं.

प्रकरण असं होतं. गावच्या रवळनाथाच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घरात. गुरुदासचे वडील, आबा, पन्नास वर्षं देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं बोलले. गाऱ्हाणं लांबलचक, त्यात चारी सीमांचे राखणदार, विहिरी, वाटा, सगळ्यांची नावं. आणि ते लिहायचं नाही असा आबांचा दंडक. म्हणून गुरुदासनं शेवटच्या आजारपणात ते मोबाइलवर बोलवून घेतलं, लॅपटॉपवर चढवलं आणि मोबाइलमधून पुसून टाकलं. का, तर मोबाइल कुणाच्याही हातात पडतो. मे महिन्यात आबा गेले. आता पुढच्या सोमवारी जत्रा आणि देवापुढे गुरुदास. अडखळला, तर मान दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे जाणार.

गडग्यापलीकडे शिवादादा राहत होता. सख्खा चुलतभाऊ. भांडण नव्हतं. बोलणं गरजेपुरतं, आणि गरज पडणार नाही याची काळजी दोघंही घेत. गणपतीत तो पाया पडायला आला होता, तेव्हा टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघून म्हणाला होता, "आबांचा गाऱ्हाणा ह्याच्यातच आसा मां?"

बस. तेवढं पुरलं. मुळात लॅपटॉप शिवादादाच्याच मुलाचा, देवेशचा. नवा घेतला म्हणून जुना त्यानं काकाला दिला. म्हणजे त्याच्या वाटा त्या घराला ठाऊक असणारच. देवेश बोटीवर जाण्याआधी गुरुदासनं त्याच्याकडून मशीनच्या अगदी मुळाशी कुलूप बसवून घेतलं. सुरू करताच, कंपनीचं चित्र यायच्याही आधी, काळ्या पडद्यावर चौकोन यायचा आणि पासवर्ड मागायचा. तो टाकताना देवेशला पडवीत उभं केलं होतं. बायकोचं, कावेरीचं, नाव नको, देवाचं नको, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. माणसाला जे जे आठवतं ते ते सगळं टाळून पासवर्ड ठेवला, आणि योजना पूर्ण यशस्वी झाली. आता तो कुणालाच उघडता येत नव्हता.

"तुमी कागदार लिवन कित्या ठेवक नाय?" कावेरीनं विचारलं होतं.

"कागद कोणाच्याव हातात गावता."

"होय तर. आता तुमच्याव हातात गावलो नाय."

बिल एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती. गुरुदास संध्याकाळी गडग्याला वळसा घालून गेला. वाटेत त्यानं खोटं तयार ठेवलं होतं, त्याला दोन जोड खोटीही होती. शिवादादा घरापुढच्या खळ्यात जाळं विणत बसला होता.

"देवेशच्या लॅपटॉपचा बिल व्हया हुता," गुरुदास म्हणाला. "मशीन जरा बिघडला."

शिवादादा उठला. माळ्यावरून पुठ्ठ्याचा खोका काढला, फडक्यानं पुसला आणि आतलं बिल त्याच्या हातात दिलं. "खोकोव ने. तेच्यार नंबर आसता म्हणतत."

एकही जोड खोटं वापरायला न मिळाल्यानं गुरुदास बेचैन झाला. "तुका काय इचारूचा नाय?"

"काय इचारू?" शिवादादा परत बसला. "बिघडला म्हणतंस, म्हणजे बिघडला."

रात्रभर गुरुदासला हे खुपत राहिलं. इतक्या सहजी कुणी मूळ प्रत देतं का? सकाळी बसमध्ये त्यानं ते बिल तीनदा वाचलं, उन्हात धरलं, मागची बाजू बघितली. बिल खरं होतं. त्यामुळे संशय वाढला.

गौरजानं खोक्यावरचा नंबर लॅपटॉपच्या पोटाशी असलेल्या नंबराशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. "पासवर्ड काढूक बिलासकट कंपनीक पाठवचा लागतला. पंधरा दिवस."

"जत्रा सोमवारी आसा गो!"

"तुमका मशीन व्हया काय त्यातला काय व्हया?"

"एक गाऱ्हाणा."

ती हसली नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पोटाचे स्क्रू काढले, आतली, सगळं साठवणारी बिस्किटाएवढी पट्टी उचलून एका डबीत बसवली आणि वायरनं आपल्या मशीनला जोडली. चार मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर गुरुदासचे सगळे फोल्डर ओळीनं उभे राहिले.

"म्हणजे..." गुरुदासनं सुट्या स्क्रूंकडे बघितलं. "ह्या कोणाकव जमला असता?"

"स्क्रू-ड्रायव्हर आसलेल्या कोणाकव. काका, तुमी फुडच्या दाराक कुलूप घातलात, मागीलदार उघडाच हुता."

तिनं फाइल चालू केली. दुकानात आबांचा आवाज आला. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा..." आणि लगेच, अगदी जवळून, दुसरा खणखणीत आवाज, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकट्यानं होत नाही. प्रत्येक मागण्याला कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, नाहीतर ते पुढे सरकत नाही. मोबाइलवर बोलवून घेतलं त्या दुपारी शिवादादा आबांच्या पाठीला हात लावून शेजारी बसला होता. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं होतं. हे गुरुदास विसरला होता. पासवर्डच्याही आधी विसरला होता.

मध्येच, दक्षिणेच्या सीमेवर, आबांना खोकला आला. बराच वेळ नुसता खोकला. नाव त्यात बुडालं. मग शिवादादाचा आवाज, "व्हय म्हाराजा!" आणि आबा पुढच्या नावावर गेले.

"परत लाव," गुरुदास म्हणाला. सहा वेळा लावलं. नाव हाती लागलं नाही.

सोमवारी देवळात गाव भरलं होतं. गुरुदास हात जोडून उभा राहिला. पूर्व झाली, उत्तर झाली, पश्चिमेला दर्या झाला. दक्षिणेला तो आला आणि थांबला. तिथं खोकला होता. खोकला घालता येत नव्हता. समईची वात तडतडलेली ऐकू आली. मागे कुणीतरी घसा खाकरला. मान पलीकडे जायला एवढा वेळ पुरतो.

"व्हय म्हाराजा!"

खांबाजवळून शिवादादाचा आवाज आला, आणि सगळ्या गावानं पाठोपाठ घोष केला, "व्हय म्हाराजा!" गुरुदास पुढच्या नावावर गेला.

गाऱ्हाणं पुरं झालं. लोक पाया पडून बाहेर निघाले. पायरीखाली चपलांच्या ढिगाऱ्यात शिवादादा आपली चप्पल शोधत होता. गुरुदास त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"दक्षिणेचा ता नाव," तो हळूच म्हणाला, "तुका म्हायत हुता?"

"खंयचा नाव?" शिवादादा खाली बघूनच म्हणाला. "तू सगळी घेतलंस."

गुरुदासनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. एकतीस वर्षांची नजर होती, कागद खरा की खोटा हे तिला सहज कळायचं. बराच वेळ पाहूनही काही कळलं नाही. मग तो वाकला. ढिगाऱ्यातून शिवादादाची एक चप्पल काढली, अंगठा तुटून तारेनं बांधलेली दुसरी शोधली, आणि दोन्ही जोडीनं त्याच्या पायांपुढे ठेवली.