कुवेतची सवय

बोर्ली पंचतनात हमदुल्लाचाचांच्या ड्रायव्हिंगला कोणी नावं ठेवलेली चाचांना खपत नसत. आता ज्या माणसाने उभी हयात कुवेतमध्ये शेखची गाडी चालवली, तिला साधा ओरखडा पडू दिला नाही, त्याला कोण काय शिकवणार? भानगड एवढीच, की तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. गावी परतून वर्षं झाली, तरी चाचा सवयीने डावं दार उघडून बसत आणि स्टिअरिंग शोधत. बाजारात गर्दी असली की इतरांच्या मागोमाग नीट जात. रस्ता मोकळा मिळाला, की गाडी हळूच उजवीकडे सरके. गेल्या खेपेला लेकीच्या सासूबाईंना पोचवायला निघाले, तर समोरून येणारा दूधवाला स्कूटरसकट गटारात. चाचांचं म्हणणं, दूधवाल्यालाच अक्कल नाही.

सासूबाई काय गप्प बसतात? श्रीवर्धनहून लेकीचा, यशराचा फोन आला. तिचं पहिलं बाळंतपण, माहेरी यायचे दिवस.

"अब्बा, अम्मी गाडी चालवणार असेल तरच येते. न्हायतर हितंच ऱ्हाते."

चाचांना फार लागलं. बायकोला, कुबराला मैदानात क्लच-गिअर शिकवले त्यांनीच, तिला लायसन मिळालं तेव्हा मिठाई वाटली त्यांनीच. पण तिला शिकवणं वेगळं आणि तिच्या शेजारी मुकाट बसणं वेगळं. बरेच दिवस फुगून बसले, जेवणात मीठ कमी म्हणून खोड काढली. पण लेक घरी यायला हवी होती. शेवटी चावी कुबरापुढे ठेवली.

श्रीवर्धनहून परतताना मागे यशरा पोट सांभाळत बसलेली, कुबरा बेताने चालवत होती. वळणाआधी रस्ता सामसूम. चाचांना राहवेना.

"अगं, उजवीकडे घे. घे म्हणतो ना."

कुबराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात वळणावरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला आणि उजव्या अंगाने धडधडत निघून गेला. आपलं ऐकलं असतं तर आत्ता आपण कुठे असतो, हे चाचांना लख्ख दिसलं.

"अम्मी, तू अब्बांचं ऐकलं न्हाईस?" यशराने विचारलं.

कुबराने रस्त्यावरची नजर काढली नाही. "त्यांनीच शिकवलंय मला. स्टिअरिंग हातात असलं की शेजारच्याचं ऐकायचं न्हाय, समोर बघायचं."

असलं काही चाचांनी जन्मात शिकवलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"व्हय," ते म्हणाले. "मीच शिकवलंय."