श्यामरावांचं बंगाली

श्यामराव खांबेटे बँकेच्या खिदिरपूर शाखेत बदलून आले आणि कोलकात्याच्या सिनेमावाल्यांची झोप उडाली. अहो, खरंच! दिवसा बँक, संध्याकाळी सिनेमा आणि रविवारी इंग्रजी पेपरात त्यांचं परीक्षण. त्यांनी वाखाणलं की थिएटरवर रांगा, त्यांनी नाक मुरडलं की दुसऱ्या शुक्रवारी खेळ बंद. ज्याच्याशी घरोबा, त्याच्या चित्रपटावर एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. लोक चडफडायचे, पण वाचायचे.

आता सत्त्याहत्तराव्या वर्षी श्यामराव सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये एकटे. बायको सुमन जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. फोन वाजलाच तर विमा खपवणाऱ्यांचा. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघत नाही. एकटेपणाने जीव नुसता विटून जातो, पण सांगणार कुणाला?

सांगण्यासारखी एकच होती, यामिनी. पंचविशीतली ही बंगाली मुलगी पटकथा घेऊन घरी यायची, सुमनच्या हातचे पोहे खात श्यामरावांशी कचाकचा भांडायची. लेकच झाली होती ती. तिचा पहिला चित्रपट पाहून श्यामरावांना आभाळ ठेंगणं झालं, पण लेकीच्या चित्रपटावर लिहिणार कसं? फिल्म सोसायटीच्या कार्यक्रमात तेवढं दोन शब्द बोलले. त्यानंतर यामिनीचं येणं कमी होत होत थांबलं. दुसरा चित्रपट तिने केलाच नाही, कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवू लागली. 'डोक्यात हवा गेली पोरीच्या,' असं म्हणत हे पस्तीस वर्षं कुढत बसले. एकदा विचारायला काय झालं होतं? पण नाही.

खालच्या मजल्यावरची मुग्धा त्यांच्या परीक्षणांचं पुस्तक करते आहे. आयटीतली नोकरी सांभाळून, हौसेने. परवा रविवारी सकाळी ती फिल्म सोसायटीच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं भाषण मोबाइलवर घेऊन आली.

"काका, तुमचा आवाज ऐका."

श्यामराव ऐकू लागले. तेव्हा कोलकात्यात येऊन दोनच वर्षं झालेली, बंगाली मोडकंतोडकं, पण ऐट काय विचारता! भरल्या सभेत ते यामिनीला सांगत होते, "तोमार ओपोर आमार खूब ओभिमान." टाळी मात्र एकही पडली नाही.

"छान बोललात की," मुग्धा म्हणाली. "तिचा अभिमान वाटतो म्हणून."

"अगं, ते मराठीत!" श्यामरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "बंगालीत अभिमान म्हणजे आपल्याच माणसाने दुखावल्याचा रुसवा. तिचा चित्रपट पाहून मी तिला चारचौघांत सांगितलं, की तू माझं मन दुखावलंस."

हा अर्थ त्यांना कित्येक वर्षं ठाऊक होता. आपण त्या दिवशी काय बोललो, तेवढंच विसरले होते.

त्यांनी फिल्म सोसायटीतून यामिनीचा नंबर मिळवला आणि तिथल्या तिथे फोन लावला. यामिनी नुसतं 'येऊन जाते' म्हणाली असती, तरी त्यांना पुरे होतं. आता सफाईदार झालेल्या बंगालीत त्यांनी सगळं सांगून टाकलं. "उत्तम होता गं तुझा चित्रपट. मला तेच म्हणायचं होतं."

पलीकडे ती हसली, अगदी मायेने.

"श्यामदा, तुम्ही बरोबरच होतात. त्या दिवसानंतर मी तो पुन्हा पाहिला आणि मला एकेक चूक दिसली. शेवट तर साफ फसलाय. म्हणून तर थांबले."

"अगं नाही! शेवट तर—"

"कुणाचं मन राखायला तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. आता माझ्यासाठी नका बोलू."

श्यामराव गयावया करू लागले. एखादा चित्रपट चांगला आहे हे पटवून द्यायची वेळ त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, औषधं वेळेवर घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मुग्धाने विचारलं.

"माझ्यावर फार विश्वास आहे तिचा," श्यामराव म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.