दीडशे मिलिमीटर कुठे गेले?

मेजर बुरोव यांनी खिशातून स्वतःची पोलादी पट्टी काढली, तेव्हा ओटोमारने माझ्याकडे पाहिलं.

त्याचा भाऊ त्या वसंतात पळून पश्चिम जर्मनीत गेला होता. तिथल्या एका लेन्सच्या कारखान्यात लागला, अशी युद्धानंतर रशियनांच्या ताब्यात आलेल्या थुरिंगियातल्या आमच्या गावात कुजबुज होती. तेव्हापासून आमच्या कारखान्यातल्या मोजणीच्या खोलीत काही चुकलं असतं, तर ती चूक ठरली नसती. ओटोमारने केलेला घातपात ठरला असता.

सकाळीच तो मला म्हणाला होता, "आज तू गप्प बस रे, पुस्तकी किड्या. तू समजावायला लागलास की मलाच माझा संशय यायला लागतो."

रशियाला जाणारा माल मेजर तपासून घेत. त्यांनी लांब पल्ल्याची एक लेन्स उचलली. कड्यावर ५०० कोरलेलं होतं, मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. पुढच्या काचेपासून फिल्मच्या जागेपर्यंत त्यांनी पट्टी धरली.

"साडेतीनशे," ते शांतपणे म्हणाले. "दीडशे मिलिमीटर कुठे गेले?"

"कॉम्रेड मेजर, ते अंतर काचेपासून मोजत नाहीत," ओटोमार म्हणाला.

"मग कुठून?"

ओटोमारने काचेच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "इथून."

"इथे तर हवा आहे."

"हो."

मेजर हसले नाहीत. दारातला शिपाई एक पाऊल आत आला.

ओटोमारने लेन्स फिरत्या तिवईवर बसवली. दूरच्या रेघेची प्रतिमा सूक्ष्मदर्शकात आणली. लेन्स जराशी फिरवली की रेघ सरकायची. मग तो तिवईवर लेन्स थोडी मागे घ्यायचा आणि पुन्हा फिरवायचा. त्याच्या कपाळावरचा घाम पितळेवर पडला. शेवटी लेन्स डावी-उजवीकडे झुलू लागली, पण रेघ जागची हलली नाही. तिवई ज्याभोवती फिरत होती तो आस आता काचेच्या पुढे, नुसत्या हवेखाली होता.

"रेघ जिथे हलत नाही, तिथूनच ते अंतर सुरू होतं. आता या आसापासून प्रतिमेपर्यंत मोजा," ओटोमार म्हणाला.

मेजरनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"चारशे सत्त्याण्णव."

मी कड्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"कोरताना जवळचा पूर्ण आकडा कोरतात," ओटोमार घाईने म्हणाला. "प्रत्येक लेन्स दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतेच. सगळेच असं करतात."

"सगळेच?" मेजरनी पट्टी खाली ठेवली. "पश्चिमेकडचेही?"

ओटोमारने हो म्हणावं, तर हे त्याला कळवलं कुणी, पळालेल्या भावानेच ना? नाही म्हणावं, तर तीन मिलिमीटरची चूक आमच्याच पदरात पडत होती. शिपाई आता त्याच्या अगदी मागे उभा होता.

"पुस्तकात आहे," कुणीतरी म्हणालं. तो माझा आवाज होता. "युद्धाआधीच्या. मी वाचलंय."

"आणा."

कारखान्याच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं आधीच्या हिवाळ्यात बंदी घालून पोती भरून नेली होती. मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढलो. ते पुस्तक तिथे नसलं तर ओटोमार गेलाच, एवढंच डोक्यात होतं. ते होतं, खालच्या फळीवर, भिंतीकडे सरकलेलं.

मेजरनी पान वाचलं. मालाच्या कागदावर सही केली. "तुम्ही जाऊ शकता," ते ओटोमारला म्हणाले. माझ्याकडे न बघताच तो बाहेर पडला. दारापर्यंत भिंतीला हात लावत गेला.

मेजरनी पुस्तक मिटून काखेत धरलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा," ते म्हणाले. "आणखी काय काय वाचता तुम्ही?"