ओठांतलं पान

सोजरबाईच्या तोंडाला कुलूप घालणारा माणूस अजून जन्मायचा होता, असं घोरपडीच्या रेल्वे चाळीत सगळे म्हणायचे. नळावर, रेशनच्या रांगेत, कुठंही उभी राहिली की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. पण बोलणं निर्मळ, बरं का. कुणाच्या घरात हिनं काडी लावली, असं कधी झालं नाही. उलट चाळीत कुणाचं काही बिनसलं, की आधी सोजरबाईला हाक जायची. अशा बाईनं मुकं राहण्याचा नवस बोलावा, म्हणजे घरातलं दुखणं किती खोल गेलं होतं ते तुम्हीच समजा.

दुखणं सुनेचं होतं. ललिता पहिलटकरीण. दिवाळीनंतर बाळंत झाली, मुलगा झाला आणि थोड्याच वेळात गेला. ललिता शुद्धीवर यायच्या आधीच पुरुषमाणसं त्याला मातीआड करून आली. "मेलेलंच जन्मलं म्हणून सांगा, म्हंजी जीव अडकायचा न्हाई," असं सुईणीनं बजावलं, आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. सोजरबाईनंही सांगितलं. तेव्हापासून ललिता भाकरी थापायची, धुणं धुवायची, पण 'हं' आणि 'न्हाई' याच्यापलीकडं तिच्या तोंडून अक्षर निघायचं नाही. सोजरबाई तिच्यापुढं जगभरचं बोलायची, एवढी एक गोष्ट सोडून.

शेवटी तिनं माहेरच्या देवीला साकडं घातलं. दौंडच्या अलीकडं, रुळांपासून थोडं आत, मुकाईचा डोंगर. मधल्या टप्प्यावर महादेवाचं देऊळ, माथ्यावर देवीचं. पायथ्याशी गुरवीण विड्याचं पान देते, ते ओठांत धरून मुक्यानं चढायचं. मध्येच बोललात तर नवस मोडला. मग खाली या आणि नवं पान घ्या. 'माझ्या सुनेला बोलती कर, आई, मी तुझा डोंगर मुक्यानं चढते,' असं सोजरबाई बोलली होती. चैत्रातल्या एका सकाळी सासू-सुना पुण्याहून पॅसेंजरनं निघाल्या. दुपारच्या गाडीनं परत यायचं होतं, कारण सोजरबाईचा लेक मच्छिंद्र शेडमधून भुकेला यायचा.

गिताबाई गुरवीण सोजरबाईची लहानपणची मैत्रीण. दोघींच्या हातावर एकेक पान ठेवताना तिला हसू आवरेना.

"सोजरे, तुला जमंल का ग?"

"बघशीलच आता," म्हणून सोजरबाईनं पान ओठांत धरलं.

आणि जमलं की हो तिला. पहिल्या वळणापर्यंत जीव नुसता गुदमरला. वाटेत सापाची कात दिसली, बोलता येईना. चप्पल तुटली, बोलता येईना. मग हळूहळू कान उघडले. वाळल्या गवतातून वारा सळसळत वर जात होता. लांब कुठंतरी तितर ओरडला, आणि पुन्हा सगळं शांत. खाली भीमेचं पाणी उन्हात चकाकत होतं. दुष्काळात मेला असं वाटलेला देवचाफा पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता. पोरवयात ती हा डोंगर किती वेळा चढली होती, पण त्यातलं काहीच तिनं धडपणे पाहिलं नव्हतं. एवढं सगळं इथं होतं आणि मी बडबडतच गेले, असं तिला वाटलं.

महादेवाच्या देवळात पाऊल टाकलं तर अंग थंडगार झालं. देऊळ सगळं काळ्या दगडाचं. ज्यांनी ते घडवलं त्यांच्या हातांना काय म्हणावं? दगडी बायांच्या पायांतले तोडे, लुगड्याच्या निऱ्या, सगळं अगदी जिथल्या तिथं. एका खांबावर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, आणि त्या मुलानं आईच्या गळ्यातली माळ मुठीत धरली होती. ललिता तिथंच थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मग तिनं ओठांतलं पान काढून हातात घेतलं.

"आत्याबाई, माझ्या बाळाचं नाक कुणावानी व्हतं?"

सोजरबाईनं दाराबाहेर पाहिलं. दारातून माथ्यावरचा भगवा झेंडा दिसत होता, आता कितीसं राहिलं होतं? तिनं पुढं होऊन ललिताच्या नाकावर बोट ठेवलं. तुझ्यासारखं, असं.

"खुणेनं नगं," ललिता म्हणाली. "तोंडानं सांगा."

इथं भल्याभल्यांचा धीर सुटला असता. बोलावं तर नवस मोडतो, देवीचा कोप व्हायचा, उद्या पोरीची कूस पुन्हा उजवायची आहे. न बोलावं तर ही पुन्हा गप्प होईल, ती कायमची. सोजरबाईनं वर माथ्याकडं बघून हात जोडले आणि पान काढलं. मी तर म्हणतो, आयुष्यात ती इतकं बोलली, पण त्या सगळ्यात मोलाचं बोलणं हेच.

"तुझ्यावानीच व्हतं. शेंड्याला जरा बसकं. केस मातूर मच्छिंद्राचे, दाट."

ललिताची नजर हलली नाही. "रडला व्हता का?"

आता पुन्हा खोटं बोलणं किती सोपं होतं. महिनोन्महिने सगळ्यांनी तेच केलं होतं.

"व्हय," सोजरबाई म्हणाली. "एकदा. बारीक आवाजात."

ललिता मटकन उंबऱ्यावर बसली.

"मी आयकलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी समदी म्हनला, मेलेलंच झालं. मला वाटलं, मलाच भास झाला. मला येड लागलंय. आन् येड्या बाईनं कुनाशी काय बोलायचं?"

सोजरबाई तिच्याशेजारी बसली.

"येड न्हाई लागलं, माझे बाय. तू आयकलंस ते खरं हाय. खोटं आम्हीच बोललो. त्यो माझ्या मांडीवर व्हता, शेवटपत्तुर. माझं बोट धरून व्हता. एकटा न्हाई गेला त्यो."

तेव्हा ललिता रडली. अख्खं देऊळ भरून जाईल अशी मोठ्यानं रडली. खालून दुपारच्या गाडीची शिट्टी ऐकू आली, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही. सोजरबाईनं सुनेला कुशीत ओढलं, आणि ती थांबेपर्यंत एक शब्दही बोलली नाही.